नमाजच्या वेळेचं ॲप आणि घराची चावी : सॉफ्टवेअरला किती परवानगी द्यायची?

रमजान जवळ आला की घरोघरच्या मोबाइलमध्ये सेहरी-इफ्तारच्या वेळा दाखवणारं एखादं नवं ॲप येतं. उघडल्याबरोबर ते विचारायला लागतं : लोकेशन घेऊ का, नोटिफिकेशन पाठवू का, फोटो बघू का, कॉन्टॅक्ट वाचू का? आपण घाईत असतो. ‘अलाऊ’, ‘अलाऊ’ करत पुढे जातो. अम्मी-अब्बांच्या फोनमध्ये तर हे काम नातवंडंच करून देतात. आपल्या नावाने कशाकशाला होकार दिला गेला, हे त्या बिचाऱ्यांना कळतही नाही.

काही जण याच्या उलट करतात. कुणीतरी घाबरवलं म्हणून सगळ्याच परवानग्या नाकारतात. मग सेहरीचा अलार्म वाजत नाही, किबला चुकीच्या दिशेला दिसतो आणि व्हिडिओ कॉलवर दुबईतल्या मुलाला आईचा आवाज ऐकू जात नाही.

या दोन टोकांच्या मधली वाट कोणती? सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही हा प्रश्न गेली कित्येक वर्षं सतावतो आहे. तो समजून घेतला तर आपल्या घरातले निर्णय सोपे होतात.

परवानगी म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटर किंवा मोबाइलमधलं प्रत्येक सॉफ्टवेअर ठरावीक मर्यादेत चालतं. साध्या अधिकाराचं सॉफ्टवेअर स्वतःपुरतं काम करतं. वाढीव अधिकार मिळालेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रोग्रॅमच्या फाइल बदलू शकतं, नवीन गोष्टी बसवू शकतं, कॅमेरा-माइक चालू करू शकतं, मेसेज वाचू शकतं. सगळ्यात वरच्या अधिकाराला विंडोजमध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणतात आणि लिनक्समध्ये ‘रूट’.

आपल्या घराचं उदाहरण घ्या. दूधवाला दारापर्यंत येतो. प्लंबर मोरीपर्यंत येतो, तेही कुणीतरी घरात असताना. तिजोरीची चावी मात्र एक-दोघांकडेच असते. दूधवाल्याला तिजोरीची चावी देणारा वेडा ठरेल. पण रोज सकाळी दूधवाल्याचं आधारकार्ड तपासणाऱ्याच्या घरी दूधही येणार नाही.

आपण स्वतः काहीच ठरवलं नाही तर जी सेटिंग लागू होते, तिला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. बहुतेक माणसं सेटिंगमध्ये कधी जातच नाहीत. म्हणून डिफॉल्ट ठरवणारा इंजिनिअर प्रत्यक्षात लाखो घरांचा निर्णय घेत असतो.

सगळं खुलं, मग सारखी विचारणा : विंडोजचा धडा

२००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं. घरी कॉम्प्युटर सुरू करताना जे खातं तयार व्हायचं, ते थेट ॲडमिनिस्ट्रेटरचं असायचं. वापरायला एकदम सोपं! कोणताही गेम, कोणतंही सॉफ्टवेअर टाका, काही विचारणा नाही. पण ईमेलमधून किंवा पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसलाही तोच अधिकार मिळायचा. त्या काळी कॉम्प्युटर दर काही महिन्यांनी ‘फॉरमॅट’ मारायला न्यावा लागायचा, हे अनेकांना आठवत असेल. त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं.

२००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आलं आणि मायक्रोसॉफ्टने दुसरं टोक गाठलं. आता मोठं काम करण्याआधी स्क्रीन काळी व्हायची आणि परवानगी मागणारी चौकट यायची. या सोयीला ‘युजर अकाउंट कंट्रोल’ असं नाव होतं. विचार चांगला होता : मालक ॲडमिनिस्ट्रेटर असला तरी त्याचे प्रोग्रॅम साध्या अधिकारानेच चालतील, आणि वरचा अधिकार लागला तर विचारतील. पण विचारणा इतकी वाढली की लोक वैतागले. काहींनी ती सोयच बंद करून टाकली. बाकीचे न वाचता ‘होय’ दाबू लागले. न वाचता दिलेला होकार हा होकार नसतोच. कुलूप आहे, पण चावी कुलपातच अडकवून ठेवली आहे, असा तो प्रकार.

या त्रासामागे आणखी एक हेतू होता. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्याने जाहीर परिषदेत सांगितलं, की लोकांना ही चौकट त्रासदायक वाटावी असाच उद्देश होता. ग्राहक तक्रार करतील, मग सॉफ्टवेअर बनवणारे गरज नसताना ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार मागायचं सोडतील, असा हिशोब होता. पुढे सॉफ्टवेअर खरंच सुधारली. पण मधल्या काळात सामान्य माणसाला न वाचता ‘होय’ दाबायची सवय लागली, ती अजून गेलेली नाही.

२००९ च्या विंडोज ७ मध्ये मधला मार्ग काढला गेला. विचारणा कमी झाली आणि विंडोजच्या स्वतःच्या काही प्रोग्रॅमना न विचारता वरचा अधिकार मिळू लागला. लोक खूश झाले. पण हल्लेखोरांनी नेमक्या त्याच विश्वासू प्रोग्रॅमच्या आडून आत शिरायच्या वाटा शोधल्या. सोय वाढवली की कुठेतरी एक खिडकी उघडी राहते. ती कुठे ठेवायची, एवढंच आपल्या हातात असतं.

थोड्या वेळापुरता अधिकार

लिनक्सच्या जगात वेगळी पद्धत रुजली. तिथे ‘सुडो’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. तो अमेरिकेत बफेलो इथल्या विद्यापीठात १९८० च्या सुमारास लिहिला गेला. रोजचं काम साध्या अधिकाराने करायचं आणि एखाद्या कामापुरता वरचा अधिकार हवा असेल तर आपला पासवर्ड टाकायचा, ही त्याची कल्पना. पासवर्ड एकदा दिला की पुढची काही मिनिटं तो पुन्हा मागत नाही, नंतर परत मागतो. २००४ मध्ये आलेल्या उबुंटूने तर रूटचं खातं डिफॉल्टमध्ये बंदच ठेवलं आणि सगळा कारभार सुडोवर चालवला.

अधिकार कामापुरता, वेळ मोजकी आणि पुन्हा पुन्हा कटकट नाही, असा यातला समतोल आहे.

आपल्यासाठी ही कल्पना नवीन नाही. पवित्र कुरआनच्या सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात इजाजत घेतल्याशिवाय जाऊ नये, अशी शिकवण आहे. त्याच सूरहमध्ये पुढे घरातल्या माणसांबद्दलही सांगितलं आहे. नोकरचाकर आणि लहान मुलांनीही तीन वेळी विचारूनच आत यावं : फजरच्या नमाजआधी, दुपारी विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर. या वेळा सोडून त्यांनी न विचारता ये-जा केली तर हरकत नाही, कारण त्यांचं एकमेकांकडे सतत येणं-जाणं असतंच.

इथे मोबाइलचा फतवा काढायचा नाही, तो आपला अधिकार नाही. पण आदबीची पद्धत बघण्यासारखी आहे. परक्याने विचारलंच पाहिजे. घरच्या माणसाने खासगी वेळी विचारलं पाहिजे. बाकी वेळी त्याला उगाच अडवायचं नाही. खासगीपणाही जपला जातो आणि घरही चालतं.

मोबाइलमध्ये काय बदललं?

सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनमध्ये ॲप टाकतानाच परवानग्यांची लांबलचक यादी दिसायची. सगळ्या मान्य करा, नाहीतर ॲप सोडून द्या. टॉर्चचं ॲप कॉन्टॅक्ट मागायचं आणि लोक देऊनही टाकायचे.

२०१५ मध्ये अँड्रॉइड ६ पासून महत्त्वाच्या परवानग्या गरजेच्या वेळी आणि एकेक करून विचारल्या जाऊ लागल्या. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये ‘फक्त ॲप वापरत असतानाच लोकेशन’ हा पर्याय आला. २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये ‘फक्त या वेळी’ आला. शिवाय बरेच महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप काढून घेण्याची सोय झाली. २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये नेमक्या जागेऐवजी अंदाजे जागा देता येऊ लागली, आणि कॅमेरा-माइक चालू असेल तर स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसू लागली. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नव्या ॲपला नोटिफिकेशनसाठीही विचारावं लागतं.

दिशा चांगली आहे, पण कडक नियमांचा त्रासही होतो. फक्त रमजानमध्ये वापरायचं ॲप वर्षभर बंद राहिलं तर फोन त्याच्या परवानग्या काढून घेतो आणि त्याला झोपवून ठेवतो. अँड्रॉइड १४ पासून तर ठरलेल्या मिनिटाला अलार्म वाजवण्याची परवानगी बऱ्याच नव्या ॲपना आपोआप मिळत नाही. परिणाम? पहिल्या सेहरीला घरात कुणीच उठत नाही. म्हणून चांद दिसण्याच्या दोन-चार दिवस आधी ॲप उघडून नोटिफिकेशन आणि अलार्मची परवानगी तपासा. अलार्म एकदा वाजवूनही बघा.

मुस्लिम प्रो प्रकरण : परवानगी एकाला, फायदा दुसऱ्याला

हा विषय मुस्लिम समाजाला थेट भिडला तो नोव्हेंबर २०२० मध्ये. अमेरिकेतल्या ‘मदरबोर्ड’ या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने बातमी दिली, की ‘मुस्लिम प्रो’ या ॲपमधून वापरकर्त्यांचं लोकेशन ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होतं. ही कंपनी लोकेशनची माहिती विकायची आणि तिच्या ग्राहकांमध्ये अमेरिकी लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार होते. नमाजच्या वेळा, अजान आणि किबला दाखवणारं हे ॲप तेव्हा जगभरात ९ कोटी ८० लाखांहून जास्त वेळा डाउनलोड झालं होतं.

कंपनीने लष्कराला माहिती विकल्याचा आरोप फेटाळला आणि एक्स-मोडशी संबंध तोडत असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात ॲपल आणि गूगल या दोघांनी ॲप बनवणाऱ्यांना एक्स-मोडचा कोड काढून टाकायला सांगितलं. जानेवारी २०२१ मध्ये ‘सलात फर्स्ट’ या दुसऱ्या नमाजच्या ॲपबद्दलही तशीच बातमी आली. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोड आणि तिच्या पुढच्या कंपनीवर संवेदनशील ठिकाणांची लोकेशन-माहिती विकायला बंदी घालणारा आदेश प्रस्तावित केला. दवाखाने आणि प्रार्थनास्थळं अशा ठिकाणांत मोडतात.

यात समजून घ्यायची गोष्ट अशी, की फोन हॅक झाला नव्हता आणि कुलूपही कुणी तोडलं नव्हतं. लोकांनी नमाजसाठी लोकेशनची परवानगी दिली होती. एक्स-मोडसारख्या कंपन्या ॲप बनवणाऱ्यांना पैसे देऊन आपला छोटा कोड ॲपच्या आत बसवायला सांगतात. ॲपला जी परवानगी असते, ती आत बसलेल्या या पाहुण्यालाही मिळते. आपण परवानगी देतो एकाला, घरात येतात दोघे. कोण कोणत्या मस्जिदीत कधी जातो, ही माहिती अमानत आहे. ती विकली जाईल हे त्या लोकांना कुणी विचारलंच नव्हतं.

नमाजच्या ॲपला खरंच किती माहिती लागते?

थोडा हिशोब करू. सूर्याची वेळ एका रेखांशाला ४ मिनिटांनी बदलते. मुंबईच्या आसपास एक रेखांश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. म्हणजे पूर्व-पश्चिम २ किलोमीटरचा फरक पडला तर वेळ बदलते जेमतेम ४-५ सेकंदांनी. मुंबई आणि नागपूर यांच्यात मात्र सुमारे २५ मिनिटांचा फरक पडतो.

किबल्याचंही तसंच. मुंबईहून किबला साधारण २८० अंशांवर आहे, म्हणजे पश्चिमेपासून १० अंश उत्तरेकडे. नागपूरहून तो सुमारे २७८ अंशांवर आहे. अख्खा महाराष्ट्र ओलांडला तरी फरक दोन-तीन अंशांचा. किबला चुकीचा दिसतो तो बहुतेक वेळा फोनमधल्या होकायंत्राजवळ लोखंड किंवा चुंबक आल्यामुळे. लोकेशन कमी दिल्याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो.

याचा अर्थ असा, की नमाजच्या ॲपला तुमची गल्ली आणि बिल्डिंग कळायची गरजच नाही. शहराचं नाव हाताने निवडलं तरी पुरतं. याहून कितीतरी मोठा फरक असरच्या सेटिंगने पडतो. कोकणातल्या शाफई घराने चुकून हनफी पर्याय ठेवला तर असरची वेळ पाऊण-एक तासाने पुढे जाते. लोकेशन द्यायला आपण लगेच तयार होतो, पण खरी महत्त्वाची ही सेटिंग कितीजण तपासतात?

सर्वांत धोक्याची परवानगी

मोबाइलमधली सगळ्यात ताकदवान परवानगी म्हणजे ‘ॲक्सेसिबिलिटी’. ही सोय दिव्यांगांसाठी आहे. ज्यांना दिसत नाही, त्यांना स्क्रीनवरचं वाचून दाखवायचं आणि त्यांच्या वतीने बटण दाबायचं, हे तिचं काम. त्यासाठी ॲपला स्क्रीनवरचं सगळं दिसावं लागतं. अंध माणूस या सोयीमुळेच स्वतःच्या हाताने बँकेचं काम करू शकतो. म्हणून ती बंद करून टाका, असं म्हणता येत नाही.

पण चोरांनाही नेमकं हेच हवं असतं. व्हॉट्सॲपवर लग्नाची दावतपत्रिका, वाहनाचं ई-चलान किंवा बँकेचं केवायसी अशा नावाने एपीके फाइल येते. पुष्कळदा ती ओळखीच्या माणसाच्या नंबरवरूनच येते, कारण त्याचा फोन आधीच हातातून गेलेला असतो. फाइल टाकली की ती एसएमएस वाचण्याची नाहीतर ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागते. ती मिळाली की ओटीपी परस्पर वाचला जातो आणि खातं रिकामं होतं.

गूगलने यावर टप्प्याटप्प्याने लगाम घातला. २०१८ मध्ये एसएमएस आणि कॉल लॉग वाचणाऱ्या ॲपसाठी प्ले स्टोअरचे नियम कडक केले. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहज मिळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिंगापूरमध्ये अशा संशयास्पद ॲपना टाकतानाच अडवायची योजना सुरू झाली आणि नंतर ती भारतातही आली. तरीही चोर फोनवर बोलत बोलत माणसाकडून एकेक अडथळा काढून घेतात. शेवटचं बटण आपलंच बोट दाबतं.

विश्वासू सॉफ्टवेअरही चुकतं

१९ जुलै २०२४ ला जगभर विंडोजचे कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडले. भारतातल्या काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कारण होतं ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख कॉम्प्युटरना फटका बसला. व्हायरस पकडायचा तर सॉफ्टवेअरला अगदी आतपर्यंत अधिकार लागतो, हे खरं. पण इतक्या आतला प्रोग्रॅम चुकला की अख्खा कॉम्प्युटरच बसतो. वाईट हेतू नसतानाही जास्त अधिकार धोक्याचा ठरू शकतो, हा यातला धडा.

कायदा काय म्हणतो?

भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर झाला. संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामासाठी आणि त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती असावी, असं हा कायदा सांगतो. कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे. घरबसल्या डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्टची यादी मागितली आणि आपण ‘हो’ म्हटलं, तरी सल्ला देण्यासाठी ती यादी लागत नाही. म्हणून आपली संमती फक्त उपचाराच्या माहितीपुरतीच धरली जाईल. नमाजच्या ॲपने कॉन्टॅक्ट मागितले तर हे उदाहरण आठवावं.

घरात काय करावं?

१. नमाजच्या ॲपमध्ये शहर हाताने निवडा. लोकेशन द्यायचंच असेल तर अंदाजे आणि ‘ॲप वापरत असतानाच’ एवढंच द्या.

२. अशा ॲपना नोटिफिकेशन आणि अलार्म जरूर द्या. कॉन्टॅक्ट, एसएमएस, कॉल लॉग, माइक देऊ नका.

३. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये कोणकोणती ॲप चालू आहेत ते आजच बघा. घरात दिव्यांग कुणी नसेल तर ती यादी बहुधा रिकामीच असायला हवी. अनोळखी नाव दिसलं तर बंद करा.

४. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके टाकू नका, मग ती सख्ख्या चाचांच्या नंबरवरून आलेली का असेना. आधी त्यांना फोन करून विचारा.

५. घरच्या, मदरशाच्या किंवा मस्जिद ट्रस्टच्या कॉम्प्युटरवर दोन खाती ठेवा. ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं एका जबाबदार माणसाकडे राहू द्या. रोजच्या कामासाठी आणि मुलांसाठी साधं खातं द्या. चंद्याचा हिशोब असलेल्या कॉम्प्युटरवर तर हे हवंच.

६. महिन्यातून एकदा, जुम्याच्या दिवशी म्हणा, फोनच्या सेटिंगमधली परवानग्यांची यादी घरच्यांनी मिळून बघा. वडीलधाऱ्यांचा फोन त्यांच्यासमोरच तपासा आणि काय बदललं ते त्यांना समजावून सांगा.

७. पैसे गेलेच तर लाज बाळगू नका. लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

नव्या ॲपने काही मागितलं की मनात तीन प्रश्न विचारा : या कामाला हे खरंच लागतं का? आत्ताच लागतं का? काम झाल्यावर परत घेता येईल का? तिन्हीची उत्तरं ‘हो’ असतील तर बिनधास्त द्या, उगाच घाबरून सोयीला मुकू नका. एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर ‘फक्त या वेळी’ हे बटण त्यासाठीच आहे.

आणि अम्मी-अब्बांच्या फोनमध्ये ‘अलाऊ’ दाबण्याआधी त्यांना एकदा सांगा, की हे ॲप काय मागतंय. फोन त्यांचा आहे, इजाजतही त्यांचीच हवी.